विधानसभेत प्रश्न लावायचा तर आधी पाण्याची बाटली भरा

आमदारांना भेटणं, अर्ज देणं, विधानभवनाचा पास काढणं यात मला काडीचा त्रास झाला नाही. लोक उगाच घाबरवतात. माझा जीव काढला तो पाण्याच्या एका नमुन्याने. ज्या कार्यालयात तो अडकला त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण आमची पाइपलाइन अजून त्यांच्याच हातात आहे.

आमची वस्ती नाल्याच्या काठावर. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी लोकांच्या घरात शिरली, त्या पुरात आमचाही नाला चढला. लाइन उघडी पडली, मग कुणीतरी येऊन जोड मारून बुजवून गेलं. तेव्हापासून नळ आला की सुरुवातीचं पाणी पिवळसर, वास मारणारं. कारण समजायला इंजिनिअर लागत नाही. नळ येतो थोडा वेळ, बाकी वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप ढिल्या जोडातून बाहेरचं पाणी ओढतो, आणि आमचा पाइप तर नाल्यातूनच गेलेला. त्यात निम्म्या घरांत टिल्लू पंप, लाइनमधून पाणी ओढणारे. पावसाळ्यात पोरांना कावीळ झाली. रस्त्यापलीकडच्या लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीला, पाणी त्याच टाकीचं, पण लाइन नवी, तिथे कुणाला काही नाही. आम्ही पडलो अघोषित झोपडपट्टी, म्हणजे सरकारी नोंदीत नसलेली, त्यामुळे लाइन बदलायच्या कुठल्याच यादीत बसत नाही. बिलाच्या यादीत मात्र बरोबर बसतो.

मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होते, त्यामुळे नगरसेवकाच्या दारात बसायचीही सोय नव्हती. म्हणून आमदार. आधीच सांगून ठेवते, तुमचा आमदार मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्याकडून पत्र घ्या आणि प्रश्नासाठी दुसरा आमदार गाठा. राज्यातल्या कुठल्याही गावाचा प्रश्न कुठलाही आमदार विचारू शकतो, विधान परिषदेचाही चालतो. आपल्याच मतदारसंघाचा हवा असं काही नाही.

आमदारांचा पीए तरुण पोरगा, पण कामाचा पक्का. मी चार पानं लिहून नेली होती. त्याने पेन काढलं आणि सुरूच झाला. ‘ताई, निर्लज्ज जाणार नाही. भेदभाव बी जाणार नाही. आरोप, टोमणा, विशेषण काहीच चालत नाही, प्रश्नच बाद होऊन जाते.’ चार पानांचं त्याने चार मुद्द्यांत आणलं. ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग अमुक वस्तीत दूषित पाणीपुरवठा होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. माझा सगळा संताप त्या शेवटच्या ओळीत कोंबला होता म्हणायचा.

मग तो म्हणाला, ‘आता पहिल्या मुद्द्याला कागद आणा. नाही तर उत्तर मी आत्ताच सांगतो. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ कारण मंत्र्याचं उत्तर मंत्री लिहीत नाही. प्रश्न मंत्रालयातून खाली उतरत उतरत शेवटी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच टेबलावर येतो, तो माणूस अहवाल लिहितो आणि तोच वर चढत जाऊन सभागृहात वाचला जातो. त्याला नाही म्हणता येणार नाही असं काहीतरी सही-शिक्क्याचं हवं. म्हणजे पाण्याचा तपासणी अहवाल. मला वाटलं, बाटली भरायची आणि द्यायची, त्यात काय.

सरकारी प्रयोगशाळेच्या खिडकीत मी धुतलेल्या बाटलीत पाणी घेऊन गेले. तिथल्या बाईंनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘पत्र कुठे आहे?’ खाजगी माणसाचा नमुना घेत नाहीत, संबंधित कार्यालयाचं पत्र लागतं. त्या कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, तुमच्या भागातून तक्रारच नोंद नाही, तर पत्र कशाचं देऊ? तक्रार नोंदवते म्हटलं, तर तक्रार ऑनलाइन करा. ऑनलाइन केली, तर दोन दिवसांनी मेसेज, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ कुणी आलं नाही, कुणी पाहिलं नाही, निराकरण झालं! मी शिवणकाम करते. गणपती उठले की दिवाळीचे ब्लाउज सुरू होतात, आणि मी मशीन बंद ठेवून कार्यालयाच्या बाकावर बसून. समोर साहेबांची खुर्ची, खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर कुणी नाही. विचारलं की शिपाई म्हणे, ‘साहेब मीटिंगमधे बसून रायले, थांबा न जी.’

शेवटी ठरलं की नमुना त्यांचाच माणूस घेईल. आला तो भरदुपारी. नळ गेलेला. मी म्हटलं, सकाळी या. तो म्हणाला, सकाळी ड्युटी दुसरीकडे आहे. आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून लेआउटच्या कोपऱ्यावरच्या घरात गेला, तिथल्या नळाची बाटली भरली, चिठ्ठीवर आमच्या वस्तीचं नाव घातलं. मी मागे धावले तर म्हणे, ‘लाइन एकच आहे न, काऊन कटकट करता?’ अहवाल आला. पिण्यास योग्य.

तो कागद हातात घेतल्यावर मला जे वाटलं ते पीएने खोडलेल्या शब्दांत बसतं.

माहिती अधिकार टाकावा असं शेजारच्या भाऊंचं मत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो, बीपीएल असाल तर तेही नाही, पण उत्तराला तीस दिवस. अधिवेशन डिसेंबरात असलं तरी तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, द्यायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. डिसेंबरात मंत्री उतरतात त्या रविभवनासमोर अर्ज घेऊन रांगेत उभी राहणारी माणसं पाहिली की आता मला त्यांना हाताला धरून सांगावंसं वाटतं, बाबा, तारांकितची गाडी गेली, आता लक्षवेधी सूचना नाही तर औचित्याचा मुद्दा, हे ऐन अधिवेशनात विषय मांडायचे मार्ग, एवढंच उरलं.

कोंडी फोडली ती आमदारांच्या पत्राने, पण पत्र नुसतं असून भागत नाही, त्यातला मजकूर महत्त्वाचा. पहिल्या पत्रात ‘योग्य ती कार्यवाही करावी’ होतं. त्यावर योग्य ती कार्यवाही म्हणजे काय हे तेच ठरवतात. दुसरं पत्र मी पीएच्या शेजारी बसून लिहवून घेतलं. नमुना नळ आल्याबरोबर घ्यावा, अमुक गल्लीतल्या सार्वजनिक नळावर घ्यावा, दोन रहिवाशांच्या सह्यांनी पंचनामा करावा. त्याची आवक करून घेतली, म्हणजे कार्यालयाच्या नोंदवहीत चढवून घेतलं, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत जवळ ठेवली. ही प्रत नसेल तर तुम्ही त्या कार्यालयात कधी गेलाच नव्हता, असं समजा.

मग दुसरा माणूस आला, उजाडायच्या आत. हा शिकलेला होता. त्याच्याकडे काचेची बाटली, बुचावर खाकी कागद दोऱ्याने बांधलेला, आत चिमूटभर पांढरी पूड. मी सवयीने बाटली विसळायला हात पुढे केला तर ओरडलाच. ती पूड क्लोरीन मारायला असते. नाही तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीनच जंतू मारून टाकतो आणि पाणी चांगलं निघतं. त्याने तोटी स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घेतली, थोडं पाणी वाहू दिलं, कागद काढून बाटली भरली, बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू दिलं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवली. तिथेच ओटी टेस्टही केली. नळीत पाणी आणि दोन थेंब, क्लोरीन असेल तर पिवळं होतं. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा म्हणतात. आमची नळी पांढरीच राहिली. तो काही बोलला नाही, पंचनाम्यावर लिहिलं मात्र.

अहवाल, पिण्यास अयोग्य. मी त्याच्या झेरॉक्स काढल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, काय लॉटरी लागली का. माझा चेहरा तसाच होता.

अहवालासोबत कावीळ-हगवणीच्या रुग्णांचा आकडाही दिला. तो आशाताईंच्या रजिस्टरमध्ये असतो. नावं मागू नका, त्या देणार नाहीत आणि देऊही नयेत. महिनावार आकडा आरोग्य केंद्राच्या शिक्क्याने मिळतो.

पुढचं भराभर झालं. प्रश्न स्वीकारला गेला. आणि अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच, एका सकाळी जेसीबी वस्तीत! ज्या साहेबांची खुर्ची मी नुसती पाहिली होती ते स्वतः नाल्याच्या काठावर उभे. वरून अहवाल मागितला होता, आणि ‘कार्यवाही केली’ असं लिहायला काहीतरी केलेलं लागतं. नाल्यातला जोड काढून नवा पाइप वरून नेला. प्रश्नाची खरी ताकद ही, सभागृहात काय होतं ते नंतरचं.

सभागृहातही गेले होते, गॅलरीचा पास आमदारांनी दिला. नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन इथे होतं, एवढं शाळेत वाचलेलं, आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. मोबाइल बाहेर जमा करावा लागतो आणि आधार कार्ड मूळ लागतं, झेरॉक्स नाही. आमच्या प्रश्नाचा नंबर आलाच नाही, गोंधळात प्रश्नोत्तराचा तास संपला. छापील यादीत उत्तर होतं. ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि खाली पाइप बदलल्याची तारीख. अंशतः तर अंशतः.

नाल्यालगतच्या चेंबरवर झाकण मात्र अजून नाही आणि आम्ही अजून अघोषितच. त्यासाठी आता मुंबईच्या अधिवेशनात प्रश्न द्यायचा आहे. पीएने चेंबरचे फोटो मागितलेत, तारीख दिसेल असे, आणि या वेळी आवक क्रमांकासकट पत्र आधीच दिलेलं आहे.