तबलेवाले तुम्ही, आणि ऐकता ड्रम नसलेला बँड?

तबला शिकवतो मी. क्लास सुटला की स्पीकरवर डॅन हिक्स या अमेरिकन गायकाची गाणी लावतो आणि मग कुणीतरी पालक विचारतातच, "सर, यात ठेका धरणारं वाद्यच नाही, तुम्हाला काय मिळतं यात?" दर वेळी घाईत काहीतरी सांगून मोकळा होतो, आज नीट सांगतो.

अहो, हा माणूस मुळात ड्रमरच! जन्म १९४१ चा, अमेरिकेतल्या लिटल रॉकचा, वाढला कॅलिफोर्नियात सँटा रोझाला, शाळेपासून ड्रम वाजवायचा. १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'शार्लटन्स' या बँडमध्येही ड्रमवरच होता. आणि नंतर स्वतःचा 'हॉट लिक्स' बँड काढला तेव्हा ड्रमच काढून टाकले, गिटार, डबल बेस, सिड पेजचं व्हायोलिन आणि साथीला गाणाऱ्या दोघीजणी, बास. आजूबाजूला सगळे मोठाले अँप्लिफायर लावून रॉक वाजवतायत आणि हा त्याच गावात फोक, कंट्री आणि जुनं स्विंग (नाचायला लावणारं जॅझ) एकत्र करून स्वतःची गाणी गातोय. (पॅरिसला जॅझ गिटारवाला जँगो राइनहार्टच्या ग्रुपमध्येही ड्रम नव्हते बरं का.)

मग ठेका कुठे गेला? गिटारवाल्याच्या हातात. उजव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे दोन-चार सूर) मारायची आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडायची, तार दाबलेली राहत नाही, आवाज तिथेच तुटतो, छक्. आपल्याकडे बंद बोल असतात ना, तसं. आणि वजन चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, जिथे आपली पोरं टाळी द्यायला हमखास चुकतात कारण त्यांचा हात पहिल्या मात्रेकडेच धावतो.

१९७३ च्या अल्बममध्ये त्यांनी पहिल्यांदा ड्रमर घेतला. नाव झालं, लोक ऐकायला लागले, आणि त्याच वर्षी याने बँड मोडला. बँड चालवायचं ओझं नको झालं होतं असं नंतर म्हणाला, मला ते पटतं, पण हळहळ वाटते ती वाटतेच. पुढे २००० साली हॉट लिक्स नावानेच परत अल्बम आला, त्यात टॉम वेट्स, एल्विस कॉस्टेलो, बेट मिडलर असे लोक त्याच्यासोबत गायला आले. २०१६ च्या फेब्रुवारीत गेला, ७४ वर्षांचा होता.

परवा क्लासमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला हेच ऐकवलं. डोळे मिटून बसली होती, तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात तिचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला, दोन, चार, दोन, चार.