आमची वाटचाल : साडेचार इंचीपासून साडेसहा इंचीपर्यंत

सोलापुरात आमच्या छोट्या फर्मने बोअरच्या कामाला सुरुवात केली ती साडेचार इंची भोकापासून. आज जास्त काम साडेसहा इंचीचं असतं. गाडी, कॉम्प्रेसर, हॅमर (भोकाच्या तळाशी हवेच्या जोरावर ठोके देणारं यंत्र) सगळं बदलत गेलं, पण आमचं काम सुधारलं ते एका हिशेबामुळे : खाली फुटलेला चुरा वर येतोय का? रॉड (हॅमरला हवा पोचवणारे पोकळ पाइप) अडकायची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

साडेसहा इंची भोकात एक २० फुटी रॉड खाली गेला की साधारण साडेतीनशे किलो चुरा तयार होतो. तो उचलायला रॉडभोवतीच्या फटीतून हवा मिनिटाला किमान ३,००० फूट वेगाने वर यायला हवी. ४,००० ते ५,००० मिळाली तर काम निर्धास्त. साडेचार इंची भोकात ३ इंची रॉड असेल तर ३०० सीएफएम (मिनिटाला ३०० घनफूट) हवेला ४,९०० च्या आसपास वेग मिळतो. तोच रॉड, तीच हवा ठेवून साडेसहा इंची बिट (हॅमरचं दगड फोडणारं टोक) लावलं, की फटीचं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट होतं आणि वेग १,६५० वर घसरतो. वर धूळ दिसत राहते, म्हणून सगळं ठीक वाटतं. जाड खडा मात्र खालीच घोळत राहतो. म्हणून मोठ्या भोकाकडे वळताना हवा ६०० सीएफएमवर नेली आणि रॉडही साडेचार इंच जाडीचे घेतले. फट आवळली, वेग ५,००० झाला. नुसता मोठा कॉम्प्रेसर घेऊन बारीक रॉड चालवणं म्हणजे डिझेल जाळणं, हे आमचं ठाम मत आहे.

आपल्याकडचा दगड एकसारखा नाही. मंगळवेढ्याकडे वर काळ्या मातीचा जाड थर, मग मुरूम, खाली काळा पाषाण. मध्येच मांजऱ्या (भरलेल्या बारीक पोकळ्यांचा दगड), आणि दोन थरांच्या सांध्यात लाल गेरू. काळ्या पाषाणात भोक उभं राहतं. त्रास देतो तो गेरू. ओला झाला की फुगतो, चिकटतो, भिंतीतून आत सरकतो. वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग लाल झाला की बिटावरचा भार कमी करायचा आणि तेवढा पट्टा तीन-चार वेळा वर-खाली फिरवून मोकळा करायचा. केसिंगही (वरची माती अडवणारा पाइप) मुरमात टेकवून सोडायचं नाही; घट्ट दगडात फूट-दोन फूट बसवायचं, नाहीतर वरची माती हॅमरच्या पाठीवर पडत राहते.

भरपूर पाण्यापेक्षा थोडा पाझर जास्त घातक. चुरा नुसता ओलसर होतो आणि रॉडभोवती चिखलाचं कडं धरतो. हवेचा दाब चढतो, तोंडाशी येणारी हवा मंदावते, धूळ अचानक बंद होते. ही खूण दिसली की पुढे एक इंचही जायचं नाही. पाणी आणि फोम (फेस करणारं द्रावण) सोडायचा : २०० लिटरच्या बॅरलला १ ते २ लिटर फोम. वर येणारा फेस दाढीच्या फेसासारखा घट्ट हवा. पाणचट आला तर फोम वाढवायचा.

रॉड जोडण्याआधीची शिस्त आम्ही मोडू देत नाही. हॅमर तळापासून थोडा उचलायचा. ठोके थांबतात आणि सगळी हवा चुरा उडवायला मिळते. तोंडाशी स्वच्छ हवा येईपर्यंत थांबायचं, मगच हवा बंद. हॅमरमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) झिजला असेल तर हवा बंद होताच चुरा मिसळलेलं पाणी आत शिरतं, म्हणून हॅमर उघडला की तो आधी बघायचा.

बिटचीही एक गोष्ट आहे. बाहेरची बटनं (बिटाच्या तोंडावरचे कठीण धातूचे दाणे) झिजली की भोक खाली निमुळतं होतं. त्यात नवं, पूर्ण मापाचं बिट सोडलं की पाचरीसारखं बसतं. म्हणून बिटं मापाने लावून ठेवतो. एका बोअरला मोठं आधी, झिजलेलं नंतर.

एवढं करूनही अडकलं तर आधी कारण ओळखायचं. दाब चढलाय आणि हवा येत नाही : चुरा बसलाय. हवा येते पण फिरवायला जड : भिंत किंवा गेरू. एकाच जागी टक्कन थांबतं : सुटलेला दगड. तिन्हीत हवा चालू, फिरवणं सुलट्या दिशेनेच, आणि थोडं थोडं वर-खाली. उलटं फिरवलं तर आटे सुटून हॅमर खालीच राहतो. जोर लावून ओढलं तर पाचर आणखी घट्ट.

भू-औष्णिक (जमिनीतली उष्णता वर आणणाऱ्या) विहिरींच्या कामातला एक धडा आम्ही उचलला. तिथे तापलेल्या, तडकलेल्या खडकात चुरा वर आणायला फिरवलेला ड्रिलिंगचा चिखल भेगांत निघून जातो, चुरा अर्ध्या वाटेवर साचतो आणि पंप थांबला की पाइपभोवती कोसळतो. म्हणून किती चुरा निघायला हवा आणि किती निघाला, याचा ताळा तिथे सतत घेतात. आमच्याकडे हा ताळा घमेल्याने होतो. एका रॉडमागे तोंडाशी साधारण १५ ते २० घमेली चुरा जमायला हवा, उडालेली धूळ सोडून. सलग दोन रॉडना ढीग निम्माच राहिला, तर तिसरा रॉड जोडायचा नाही. भोक पुन्हा झाडून घ्यायचं.