माणशी तीन आणि एकवीस

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात दोन कामं शेजारी शेजारी चालू होती. मंडईतून आणलेले नारळ आई खवत होती आणि सातवीतली भाची बीजगणिताशी झटापट करत होती.

"मामा, एक्स म्हणजे किती ते आधी सांग ना!"

"किती असं नसतं गं. तो चल आहे."

"चल? कुठे?"

चूक तिची नव्हती. आम्हालाही शाळेत 'समजा, ती संख्या क्ष आहे' एवढंच सांगितलेलं. का समजा, ते आम्ही विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. आई म्हणाली, "मोदक ना? माणशी तीन, आणि नैवेद्याचे एकवीस." माणसं किती? "ते बाप्पालाच ठाऊक. येतील तितकी!"

मी भाचीच्या वहीत लिहिलं: ३क्ष + २१. एकवीस पक्के, कोणी फिरकलं नाही तरी बाप्पाला ते लागणारच. तीनही ठरलेले, पण माणसागणिक. क्ष मात्र दारातून आत येणाऱ्या चपलांवर. आकडा हाती नाही, तरी आईचा हिशेब तयार!

बाराव्या शतकात भास्कराचार्य अशा राशीला यावत्-तावत् म्हणत. म्हणजे जितकं-तितकं, आईचं 'येतील तितकी'च की! दुसरी अव्यक्त, म्हणजे किंमत ठाऊक नसलेली, राशी आली की तिला काळ्या रंगाचं नाव, कालक. मग नीलक, पीतक. लिहिताना पहिलं अक्षर पुरे, आणि नुसत्या आकड्याच्या आधी रूपाचा रू. आईचे मोदक त्यांनी 'या ३ रू २१' असे मांडले असते. एक्स, वाय, झेड ही फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकातली चाल. सुटसुटीत खरी, पण एक्सकडे कितीही बघा, तो काही बोलत नाही. यावत्-तावत् निदान आपलं काम तरी सांगतं.

मावशीचा पुन्हा फोन. पिठी साठ मोदकांपुरतीच आहे म्हणे. झालं, इतका वेळ मोकळा फिरणारा क्ष बरोबरच्या चिन्हाने पकडला. भाचीने साठातून एकवीस काढले, उरलेल्या एकोणचाळीसला तिनाने भागलं.

"तेरा माणसं! पण चौदावा आला तर?"

आईने खवणीवरून मानही वर केली नाही. "येऊ दे. मामाला डॉक्टरांनी गोड नको सांगितलंय."