आठवडा ठरला होता, फाईल कपाटात होती : आमच्या कॅनडावारीचा अनुभव

कॅनडाला कुठल्या महिन्यात जावं, असं ओळखीतलं कुणी विचारलं की मी आधी विचारते, व्हिसाचा अर्ज भरलात का? आमचा महिना पक्का होता. आठवडासुद्धा पक्का होता. तरी तो हुकला, आणि त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही.

लेक टोरोंटोजवळ राहते. २०२४ च्या जानेवारीत तिने फोनवर सगळं वर्षच मांडून दाखवलं. एप्रिलअखेर टोरोंटोच्या हाय पार्कात चेरी फुलते, पण बहर जेमतेम आठ-दहा दिवसांचा. मे-जूनमध्ये जंगलात काळ्या माश्या फोडून काढतात. पश्चिमेकडे बॅन्फला ‘लेक लुईस’ सरोवरावरचा बर्फ जून उजाडेपर्यंत हलत नाही, त्यामुळे निळं पाणी बघायचं तर जूनच्या मध्यानंतर. जुलै-ऑगस्टात रात्री नऊला उजेड असतो, पण तिकिटं तेव्हाच सगळ्यात महाग आणि वणव्यांचे दिवसही तेच. (त्याच वर्षी जुलैत जास्पर गावात वणवा शिरला आणि गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला.) ह्यांना बर्फ बघायचा होता. ओटावातला रिडो कालवा गोठतो आणि त्यावर ७.८ किलोमीटर स्केटिंग करत जाता येतं, हे ह्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पण २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे पुरेसा बर्फच धरला नाही, कालवा लोकांसाठी उघडलाच नाही. शिवाय डिसेंबरात पावणेपाचला अंधार. आमच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं.

मला पानं बघायची होती. आपल्याकडे कुसुंब फाल्गुन-चैत्रात लालभडक होतो, पण ती कोवळी पालवी. तिकडे झाड निरोप घेताना लाल होतं. मी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, हिरवं द्रव्य विरतं आणि शर्करा मेपलच्या पानात लाल रंग तयार होतो, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! डोळ्यांनी एकदा बघायचं होतं. लेकीने सांगितलं, टोरोंटोच्या उत्तरेला अल्गॉन्क्विन पार्क नावाचं मोठं जंगल आहे, तिथे मेपल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऐन रंगात असतात, ऑक्टोबरचा पहिला आठवडा गेला की पानं खाली. म्हणून २२ सप्टेंबरच्या आसपास पोचायचं, असं ठरलं.

पाडव्याला, ९ एप्रिलला, आम्ही फाईल एजंटाकडे दिली. नाशिकमधलेच, घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर ऑफिस. शेजारच्यांचं दुबईचं काम त्यांनी चांगलं केलं होतं. पेन्शनची कागदपत्रं, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, घराचा उतारा, लेकीचं निमंत्रणपत्र, तिच्या पगाराच्या पावत्या, सगळं क्रमाने लावून दिलं. ते म्हणाले, “काकू, एकदम परफेक्ट फाईल आहे. आठवड्यात टाकतो.”

मे गेला. फोन केला की उत्तर एकच, “प्रोसेसमध्ये आहे.” लेक म्हणाली, “आई, त्यांना अर्जाचा नंबर विचार. अर्ज गेला की नंबर मिळतोच.” मी विचारला. “पाठवतो व्हॉट्सअ‍ॅपवर,” म्हणाले. चार दिवस गेले. पुन्हा विचारला तर सर्व्हर बंद. त्यानंतर मुलगा गावाला गेलाय, लॅपटॉप त्याच्याकडे आहे. मी रोज सकाळी फोन हातात घेऊन बसायचे. ह्यांचं म्हणणं, सारखं विचारलं तर माणूस चिडेल, आपलं काम अडेल. आपलेच कागद, आपलेच पैसे, आणि आपणच दबून बोलायचं, हे मला त्या दिवसांत फार लागलं.

जूनच्या मध्यावर, पहिला पाऊस झाला त्या दिवशी, मी न सांगता ऑफिसात गेले. साहेब बाहेर होते. पोरसवदा मुलगी बसली होती, तिने बिचारीने नाव विचारून कपाट उघडलं. आमची निळी फाईल तिसऱ्या कप्प्यात होती. मी लावलेली पिन तशीच, माझ्या अक्षरातली यादी तशीच वर. दोन महिने कुणी उघडलीच नव्हती.

मी तिथेच बसून राहिले. तासाभराने ते आले. मी आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, का? ते म्हणाले, “काकू, सीझनवाल्यांच्या फाईली आधी काढल्या. जून-जुलैला सगळे जातात ना. तुमचं काय, पुढचं आहे, आणि तेव्हा तर ऑफ सीझन.”

ऑफ सीझन! त्यांच्या लेखी सीझन म्हणजे जून-जुलैची गर्दी. मी ज्या दहा दिवसांसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकत होते, ते त्यांच्या कॅलेंडरवर नव्हतेच. मी म्हटलं, “दादा, झाडं आमच्यासाठी थांबणार नाहीत.” त्यावर ते हसून म्हणाले, “पुढच्या वर्षी परत येतातच की पानं.” मी फाईल उचलली आणि निघाले. भरलेल्या पैशांतले अर्धे महिन्याभराने परत मिळाले, उरलेल्यांवर पाणी सोडलं.

पुढे कळलं, कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा किंवा अर्ज भरायचा तर तिथला परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. दुबईचं काम चांगलं केलं म्हणून हेही करतील, हे आम्ही धरून चाललो. तुम्ही धरून चालू नका. यादीत नाव बघा, आणि अर्ज टाकला म्हणाले की त्याच दिवशी पोचपावती आणि नंबर मागा. नंबर नाही म्हणजे अर्ज नाही.

बँक स्टेटमेंट्स जुनी झाली होती, पुन्हा काढली. लेकीने व्हिडिओ कॉलवर बसून तीन संध्याकाळी आमच्याकडूनच ऑनलाईन अर्ज भरून घेतला. अवघड काही नव्हतं. मागच्या दहा वर्षांचा नोकरीचा तपशील विचारतात, तो आधी कागदावर लिहून ठेवा. तेव्हा फी माणशी १०० डॉलर होती, बायोमेट्रिक्सचे (म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे, कॅनडाचे डॉलर. २१ जूनला अर्ज गेला. बोटांचे ठसे मुंबईला जाऊन दिले, वीस मिनिटांचं काम.

आणि मग वाट बघणं. जुलै. ऑगस्ट. गणपती आले. रोज रात्री मी तारखा मोजायचे, एप्रिलमध्ये अर्ज गेला असता तर एवढ्याच दिवसांत जुलैतच व्हिसा हातात असता. ११ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या दिवशी, पुरणाचे हात धुऊन फोन बघितला तर पासपोर्ट पाठवा असा निरोप, म्हणजे व्हिसा मंजूर. मी देवघरासमोरच खाली बसले आणि रडले. पासपोर्ट शिक्क्यासह २७ तारखेला परत आले. त्याच आठवड्यात लेक अल्गॉन्क्विनचे फोटो पाठवत होती. मी ते उघडले नाहीत.

एक राहिलं, पासपोर्टची मुदत आधी बघा. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही. ह्यांचा २०२६ ला संपत होता, तो आम्ही फेब्रुवारीतच नवा करून घेतला होता.

दसरा विमानात गेला. १३ ऑक्टोबरला उतरलो, दुसऱ्या दिवशी त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण. टोरोंटोत झाडं तेव्हा रंगायला लागली होती, कारण तिथला रंग उत्तरेपेक्षा दोन-तीन आठवडे मागे असतो. उशीर झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं, दक्षिण ऑन्टॅरिओ, म्हणजे टोरोंटोकडचा भाग, तुम्हाला आणखी एक संधी देतो. लेकीच्या गल्लीतला एक मेपल महिनाअखेरीस असा पेटला की मी रोज त्याच्याखाली जाऊन उभी राहायचे. जाडे कपडे मात्र इथून नेऊ नका. आम्ही नेलेली स्वेटरं तिथल्या वाऱ्याला पुरली नाहीत, जॅकेटं तिथेच घेतली.

अल्गॉन्क्विनला तरी गेलोच. पार्कात गाडी नेण्याचा परवाना आधी बुक केलेला बरा. टोरोंटोहून तीन तास, पुढे पार्कातून ५६ किलोमीटर जाणारा साठ नंबरचा हायवे. मेपल निष्पर्ण होते, जमिनीवर तपकिरी पानांचा थर. मी गप्प बसले होते. एका दलदलीच्या कडेला जावयांनी गाडी थांबवली. पाण्यापलीकडे सूचिपर्णी झाडांची रांग होती, सगळी सोनेरी. टॅमरॅक. सूचिपर्णी असून हे झाड दर वर्षी पानं पिवळी करून गाळतं, तेही मेपल संपल्यावर. एकतीस वर्षांत मुलांना मी सांगत आले होते की सूचिपर्णी सदाहरित असतात. वारा आला की बारीक सोनेरी सुया पाण्यावर पडत होत्या. ह्यांनी त्यातल्या चार उचलून माझ्या तळहातावर ठेवल्या.

माझा व्हिसा २०३१ पर्यंत आहे. पुढची तारीख वहीत लिहिली आहे, २० सप्टेंबर.