औंदा कोन्ता देश, सर?

आमच्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीत व्हायचं, आणि दरवर्षी त्यात एका देशाचं संगीत असायचं. कापसाचे मोठे वेचे आटोपलेले, तुरी सोंगून खळ्यावर आलेल्या, त्यामुळे माणसं जरा मोकळी असायची. गाव अमरावती जिल्ह्यातलं, मोझरीच्या बाजूचं. या पट्ट्यात भजन मंडळ नाही असं गाव विरळा, आणि खंजिरी कधी हातात धरली नाही असं पोट्टंही विरळाच. संगीताच्या सरांनी आम्हाला जग ऐकवायला सुरुवात केली ती या खंजिरीपासून. दुसरीकडून कुठून सुरुवात केली असती तर आमचं लक्ष लागलं नसतं.

तालुक्याच्या सायबर कॅफेतून ते पेन ड्राइव्ह भरून आणायचे. ब्राझीलचा पांदेइरो, इजिप्तचा रिक, इराणचा दफ. एका वर्गमैत्रिणीने रिक ऐकला आणि ओरडली, "सर, हे तं आपली खंजिरीच हाय!" लाकडी कडं, एका अंगाला चामडं, कडेला चकत्या, तिचं काय चुकलं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ. त्यामुळे परदेशाच्या वाजवण्याला नाक मुरडणारं कोणी निघालं नाही. उलट दिवाळीपासूनच चहाच्या टपरीवर सरांना विचारणा सुरू व्हायची, "औंदा कोन्ता देश, सर?"

इंडोनेशियातल्या जावा बेटाचं वर्ष मला सगळ्यात लाडकं. गामेलान म्हणजे काशाच्या वाद्यांचा ताफा. प्रत्येक ताफा आपल्यापुरता जुळवलेला असतो, एकातलं वाद्य उचलून दुसऱ्यात ठेवलं तर बसत नाही. आमच्याकडे कुठलं गामेलान! सरांनी घरोघरी निरोप धाडले, आणि काशाच्या थाळ्या, पितळी गुंड, गंज असं सगळं शाळेत जमलं. गुंडात पाणी कमीजास्त करून आम्ही स्वर लावले. पंगतीची मोठी परात बैलगाडीच्या जुवाला टांगली, तो आमचा गाँग. जावात वाद्यांजवळ चप्पल काढतात आणि वाद्य ओलांडत नाहीत, हे सरांनी सांगितलं तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. तबल्याला पाय लागला तर आपण पाया पडतोच ना.

अडलो ते स्वरांवर. स्लेंद्रो म्हणजे गामेलानची एक स्वरमाला. तिचे स्वर पाच, ऐकताना भूप रागाचे सा रे ग प ध वाटतात, पण पेटीवर शोधायला गेलं की दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी निसटतात. सर म्हणाले, पेटीने जग मोजू नका. ती स्वतःच एकोणिसाव्या शतकात फ्रान्सात घडली आणि कलकत्त्याला येऊन हाताच्या भात्याची झाली. मग पेटी बाजूला ठेवली आणि कानाने जुळवत बसलो. आवर्तनाचंही तसंच. आपली सम पहिल्या मात्रेवर येते. त्यांचा मोठा गाँग शेवटच्या ठोक्यावर पडतो. परातीवर बसलेल्या पोराचा हात सवयीने समेला उठायचा. त्याला शेवटची मात्रा सापडली तेव्हा आम्ही सगळे टाळ्या पिटत उठलो. गॅदरिंगच्या रात्री आया आपापला गुंड ओळखून शेजारणीला दाखवत होत्या.

बल्गेरियाच्या वर्षी तालीम फार लागली नाही. त्यांच्या रचेनित्सा नाचाला सातच मात्रा, आपल्या रूपक तालाच्या. फक्त रूपक तीन-दोन-दोन जातो, तो दोन-दोन-तीन, आणि लय भलतीच चढी. मुली हातात रुमाल घेऊन नाचल्या.

माझ्या शेवटच्या गॅदरिंगला सरांनी देश निवडला नाही. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरचं निवडक संगीत भरलेलं आहे. त्यातला जावाचा गामेलान, सेनेगलचे ढोल, पेरूचे पावे, जॉर्जियातल्या पुरुषांचं समूहगान आम्ही एकेक करून ऐकवलं. मधेमधे आमचं वाजवणं होतं. शेवटी गायिका केसरबाई केरकरांची भैरवी. भारतातलं तेवढं एकच गाणं त्या यानांवर गेलं आहे, हे सरांनी माईकवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. माझाही ऊर भरून आला.

रिवाजाप्रमाणे भैरवी झाली की कार्यक्रम संपतो. त्या रात्री भजन मंडळातले एक आजोबा उभे राहून म्हणाले, "सर, बाईचं गानं अजून एकडाव लावा." सरांनी लावलं. ते सरलं तसं मंडळच खंजिऱ्या घेऊन स्टेजवर चढलं आणि त्याच भैरवीत भजनं सुरू झाली.