रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस: आठवड्याची आखणी

रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून परतायचं, हे मी सगळ्यात आधी ठरवलं. पुन्हा रोमला येण्यात जाणारा दिवस वाचला. रोम ते फ्लोरेन्स वेगवान रेल्वेनं साधारण दीड तास, पुढे व्हेनिस दोन-सव्वादोन तास. मिलान या खेपेला नाही.

वारांकडे मात्र नीट बघावं लागतं. व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी बंद, फ्लोरेन्सची उफीझी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालयं सोमवारी. म्हणून फ्लोरेन्स मंगळवार-बुधवारी ठेवलंय. अकादेमियातला, मायकेलअँजेलोनं १५०४ मध्ये पूर्ण केलेला डेव्हिडचा पुतळा मला धावतपळत बघायचा नाही, त्यासाठी अख्खी सकाळ हवी!

व्हेनिसला मेस्त्रेला, म्हणजे मुख्य भूमीवरच्या स्थानकाला, न उतरता बेटावरच्या सांता लुचिया स्थानकापर्यंत जायचं. स्थानकाच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल, आणि व्हापोरेत्तोचा, म्हणजे प्रवासी बोटीचा, धक्काही तिथेच.