खिळ्याच्या मानेखाली

खिळा तो खिळाच. पण दुपारच्या उन्हात खिडकीशी धरून सावकाश फिरवला, की डोक्याच्या जरा खाली, मानेवर, दोन बारीक कंगोरे चमकून जातात. कारखान्यात तार साच्यात आवळून तिचं डोकं ठोकतात, त्या आवळण्याच्या या खुणा. कॅलेंडर टांगायच्या खिळ्याला असल्या खुणांनी काही बिघडत नाही. हा खिळा मात्र लाकडी गाडीचा आस आहे. त्याच्यावर प्लॅस्टिकचं चाक फिरणार आहे, आणि ते फिरणार नेमकं या मानेवरच. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जी काही आरडाओरड होते, तिचा निम्मा निकाल या दोन कंगोऱ्यांनी आधीच लावून ठेवलेला असतो.

अमेरिकेतल्या चर्चच्या मुलांच्या क्लबांमध्ये वर्षातून एकदा लाकडी खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचा हा शनिवार-रविवार येतो. अवाना क्लबवाले त्याला ग्रां प्री म्हणतात, स्काउटवाले पाइनवुड डर्बी. खोक्यातून निघणारा ऐवज साधारण तोच. स्काउटांचा पाइनचा ठोकळा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच जाड. सोबत चार चाकं, चार खिळे. इंजिन नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही. उतारावरून सोडायची, पुढचं पृथ्वी बघून घेते.

हे सगळं १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला सुरू झालं. डॉन मर्फी या स्काउटमास्तरांच्या मुलाला सोपबॉक्स डर्बीत, म्हणजे स्वतः आत बसून गाडी उतारावरून न्यायच्या शर्यतीत, उतरायचं होतं आणि वय कमी पडत होतं. मुलगा मोठा होईपर्यंत थांबायचं सोडून बापाने गाडी लहान केली. पहिल्या ट्रॅकला दोनच लेन होत्या, आणि शेवटच्या रेषेवर पहिलं कोण हे ठरवायला दाराच्या घंट्यांचे भाग आणि लाल-पांढरे दिवे जोडले होते. आज त्या जागी सेकंदाचे हजार तुकडे करणारा इलेक्ट्रॉनिक डोळा असतो. अचूक आहे, पण घंटीची मजा त्यात नाही.

तर खिळा. त्याचं टोक ड्रिलमध्ये पकडायचं, ड्रिल सगळ्यात हळू गतीवर ठेवायचं आणि बारीक कानशीची कड मानेवर टेकवायची. नुसती टेकवायची. इथे लोक जोर लावतात आणि मान बारीक करून बसतात. मग चाक त्या खळग्यात डुलत राहतं. कंगोरे गेले की डोक्याची आतली बाजूही किंचित उतरती करायची, कारण चाकाची नाभी धावताना तिथेच घासते. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर: ४००, ६००, १०००, २००० (आकडा मोठा तसा कागद बारीक). एकही पायरी गाळायची नाही. ४०० वरून थेट २००० वर उडी मारली, तर खिळा दिसतो आरशासारखा आणि आत ४०० चे ओरखडे जसेच्या तसे. शेवटी सुती दोरीवर टूथपेस्ट घेऊन घासायचं. चार खिळ्यांना एक तास द्यावा. रंगाला तीन संध्याकाळी देणारे लोक खिळ्यांना दहा मिनिटं देतात, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

त्यानंतर ग्रॅफाइट. ही काळी कोरडी पूड चाकाच्या भोकात भरायची, चाक फिरवायचं, पुन्हा भरायची, पुन्हा फिरवायचं, निदान तीन-चारदा. पूड प्लॅस्टिकवर चोळली जाऊन बसली पाहिजे, नुसती आत पडून राहून उपयोग नाही. तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते, ते लाकडात झिरपतं, आणि बऱ्याच ठिकाणी नियमातही बसत नाही. ग्रॅफाइट मात्र सगळीकडे जातं. टेबलावर, बाहीवर, नाकाच्या शेंड्यावर.

वजनाची मर्यादा ५ औंस, म्हणजे जवळजवळ १४२ ग्रॅम. गाडी या आकड्याच्या जितकी जवळ तितकी बरी. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते हे शाळेत शिकलेलं मूल इथे हटकून अडवतं. ते खरंच आहे, पण हवा नसेल तर. हवा हलक्या गाडीला जास्त मागे ओढते, सपाटीवर तर फारच. आणि वजन किती यापेक्षा ते कुठे, हा मोठा प्रश्न. उतारावर गाडीचं तोंड खाली आणि शेपूट वर असतं. वजन जितकं शेपटाकडे, तितकं ते उंचावरून खाली येणार, म्हणजे तितका वेग पदरात जास्त. म्हणून ठोकळा पुढून कापून पाचरीसारखा करतात आणि मागे टंगस्टनच्या गोळ्या बसवतात. टंगस्टन शिशापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड, त्यामुळे थोड्या जागेत मावतं, आणि शिशासारखं विषारी नाही. पेन्सिलीवर आडवी ठेवली की गाडी मागच्या आसाच्या इंचभर पुढे तोलली गेली पाहिजे. हव्यास करून वजन अगदीच मागे ढकललं तर पुढची चाकं हलकी होतात, उतार संपून सपाटी लागते तिथे गाडी नाक उचलते आणि ट्रॅक सोडते. मागे वजन ठेवायचं एवढंच ऐकलेल्या उत्साही बापांच्या गाड्या इथेच उडतात.

बापांचं काय करायचं हा या खेळातला न सुटलेला प्रश्न आहे. करवत मोठ्याने चालवावी, हे बरोबर. भोकं मोठ्याने पाडावीत, हेही चालेल. पण कधी कधी टेबलावर अशी गाडी येते, की रंग आरशासारखा, पुढचं एक चाक मुद्दाम केसभर वर उचललेलं (तीनच चाकं फिरवायची म्हणजे तेवढी शक्ती वाचते), आणि ती कुणाची म्हणून विचारलं तर मूल आधी बापाकडे बघतं. काही क्लबांनी यावर शहाणा उपाय काढलाय: मोठ्यांची वेगळी शर्यत. तिथे काय ती हौस फेडून घ्या. गंमत म्हणजे त्या शर्यतीत भांडणं जास्त होतात.

शुक्रवारी संध्याकाळी वजनाचं टेबल लागतं, आणि या सगळ्या प्रकारातलं पाहण्यासारखं काही असेल तर ते हेच. ट्रॅक नव्हे. आठ-नऊ वर्षांची पोरगी दोन्ही तळव्यांवर गाडी घेऊन रांगेत उभी असते, पाखराचं पिल्लू आणल्यासारखी. गाडी जांभळी, रंग अजून थोडा चिकट, बाजूला तिच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलेला. काट्यावर गाडी. ५.१. घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर ५ आली होती, पण टेबलावरचा काटा तो काटा, त्याच्याशी वाद नाही. ०.१ औंस म्हणजे २.८ ग्रॅम, अमेरिकेचं एक सेंटचं नाणं अडीच ग्रॅमचं. एवढ्याशासाठी पोरीची हनुवटी थरथरायला लागते. मग टेबलामागचे आजोबा गाडी उलटी करतात, पोटात ड्रिलने एक भोक पाडतात, पिवळा भुसा तिच्या हातावर फुंकतात, पुन्हा काटा. ५.०५. अजून एक भोक. ५.०. भुसा ती खिशात घालते.

जाणते लोक असं होऊ देत नाहीत. ते गाडी ४.९ वर आणतात, पोटात एक खळगा ठेवतात आणि उरलेलं वजन टेबलापाशी टंगस्टनच्या लगद्याने चिमटीचिमटीने भरतात. वजन पास झालं की गाडी जप्त. सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. रात्रभर त्या कुलूपबंद खोलीत चाळीस गाड्या आणि बाहेर चाळीस घरांत न लागलेली झोप.

शनिवारी सगळ्यांच्या आधी ट्रॅक लावणारे येतात. तुकडे जोडायचे, पाणसळ ठेवून चारही लेन एका पातळीत आणायच्या, आणि प्रत्येक सांध्यावरून नख फिरवायचं. नख अडलं तर चाकही अडणार. कितीही जपलं तरी एखादी लेन खोडकर निघतेच, म्हणून प्रत्येक गाडी चारही लेनवर एकेकदा पळवतात आणि चारही वेळांची बेरीज धरतात. चाळीस गाड्या, चार लेन, म्हणजे चाळीस फेऱ्या. ४२ फुटांचा ट्रॅक चांगली गाडी तीन सेकंदांच्या आसपास उतरते. गाड्या आणणं, मधल्या पट्टीवर सरळ बसवणं, नावं पुकारणं यात फेरीला दीड मिनिट जातं. तासाभराच्या शर्यतीत प्रत्यक्ष धावणं जेमतेम दोन मिनिटांचं. बाकी सगळी वाट बघणं.

मुलांना नुसतं वाट बघायला सांगून भागत नाही, म्हणून बाजूच्या हॉलमध्ये खेळ चालू ठेवतात. अवानाचं ते जमिनीवरचं मोठं वर्तुळ, त्याभोवती लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या बाजूंचा चौकोन, मधोमध ठेवलेली दांडी आणि दाण्यांची पिशवी. रिले, तीन पायांची शर्यत, रस्सीखेच. बायबलमधली वचनं पाठ म्हणायची स्पर्धाही असते आणि तिथले गुण रंगाच्या संघाला मिळतात, त्यामुळे गाडीत हरलेलं पोर तिथे तावातावाने वचनं म्हणतं. अवाना या नावाची अक्षरंच मुळी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातून आली आहेत, लाज वाटू नये अशा कामकऱ्याच्या वचनातून. नाव देणाऱ्यांच्या मनात अर्थातच खिळे नव्हते.

बिघाडाचं टेबल एका कोपऱ्यात असतं. तिथे गोंद, चिमटा, पक्कड आणि एक जुनं क्रेडिट कार्ड. कार्ड महत्त्वाचं. चाक आणि गाडीचं अंग यांच्यात त्याच्या जाडीएवढी फट हवी. खिळा त्याहून आत ठोकला तर चाक लाकडाला घासतं, फार बाहेर राहिला तर डुगडुगतं. इथे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं दुखणं एकच: कुणीतरी कौतुकाने चाकाला धरून उचलली, आणि खिळा निसटला. गाडी पोटाला धरून उचलावी. हे शंभरदा सांगून होतं.

उताराच्या माथ्यावर गाड्या अडवून धरणाऱ्या फाटकाची खुंटी खाली पडते, तेव्हा क्षणभर हॉल गप्प होतो. गाडी हातातून गेलेली असते. आता ना ढकलता येत, ना वळवता येत, ना ओरडून उपयोग, तरी सगळे ओरडतात. जांभळी गाडी तिसऱ्या फेरीत रेषेच्या हातभर आधी थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. बाकीच्या तिघी कधीच पोहोचलेल्या. पोरीने जाऊन ती उचलली, पोटाला धरून, आणि पोटातल्या दोन भोकांत बोट घालून बघितलं.

रविवारी उपासनेला हीच मुलं आंघोळी करून, केस विंचरून ओळीने बसतात. गीतपुस्तकं उघडतात, आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात करडे अंगठे उमटत जातात. ग्रॅफाइट एका साबणात निघत नाही.